एका पातेल्यातले पाच विषय

"मॅडम, कौन-सी कॉपी में लिखें?"

पाचवीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. तांदळाचं वजन करून फळ्यावर आकडे मांडणं चाललेलं असतं, मुलं रमलेली असतात आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतं. हे गणिताच्या वहीत लिहायचं की पर्यावरणाच्या? मुलांचं यात काही चुकत नाही. घंटा झाली की एक वही दप्तरात ठेवायची आणि दुसरी काढायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. गणितात छान जमणारा भागाकार पर्यावरणाच्या तासाला लागला की तीच मुलं थबकतात, कारण तो इथे कामाला येईल असं त्यांना कधी वाटलेलंच नसतं.

नव्याने शिकवायला लागलेल्यांना प्रशिक्षणात 'विषयांचं एकात्मीकरण' हे शब्द पुष्कळ ऐकायला मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ते आहेत, त्यानंतरच्या अभ्यासक्रम आराखड्यांतही आहेत. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकू द्यावं, असंही ते धोरण सांगतं. पण सोमवारी सकाळी, चाळीस मिनिटांच्या तासात, खच्चून भरलेल्या वर्गापुढे उभं राहून हे करायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते कोहक्यातल्या माझ्या वर्गाच्या आधाराने सांगायचं आहे.

कोहका म्हणजे भिलाई. पण भिलाई म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते हे नव्हे. रेल्वेलाइनच्या त्या बाजूला पोलाद कारखान्याचे आखीव सेक्टर आहेत, रुंद रस्ते आणि झाडं आहेत. या बाजूला सुपेल्यावरून आत आलं की कोहका लागतं. एकेकाळचं हे गाव, शहर वाढत आलं तसं त्यात मिसळून गेलं. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील ठेकेदाराकडे मजुरी करतात, ऑटो चालवतात, गॅरेजात काम करतात, कुणाचं किराण्याचं दुकान आहे. घरी बरीचशी मुलं छत्तीसगढी बोलतात, शाळा हिंदी आहे, आणि मी माहेरची गोंदियाची, त्यामुळे मनातल्या मनात हिशेब मराठीत करणारी. आमची शाळा लहान. पाचवीचं हिंदी, गणित आणि पर्यावरण एकाच शिक्षिकेकडे, म्हणजे माझ्याकडे. अनेक नव्या शिक्षिकांना हे ओझं वाटतं. मला ती सोय वाटते. तीन विषय एकाच हातात असतील तर ते जोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. पाढे चालीवर म्हणवून घेतले म्हणजे गणित आणि संगीत जोडले गेले, भारताच्या नकाशात रंग भरला म्हणजे भूगोलात कला आली, असं पुष्कळ ठिकाणी मानलं जातं. पाढे चालीवर म्हणावेत, नकाशे रंगवावेत, त्यात आनंद आहेच. पण त्या तासाला संगीतातलं किंवा चित्रकलेतलं नवं काही शिकणं झालेलं नसतं. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे. वर्गापुढे ठेवलेल्या प्रश्नातून एखादा विषय काढून घेतला, तर उत्तर अडतं का? अडत असेल तर तो विषय तिथे खरोखर हवा आहे. अडत नसेल तर तो उगाच डकवलेला आहे, त्याला त्याच्या तासाला जाऊ द्यावं.

म्हणून सुरुवात विषयांपासून करू नये, प्रश्नापासून करावी. आणि प्रश्न मुलांच्या घरातला असावा.

छत्तीसगढात बासी हा घराघरातला पदार्थ आहे. उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी कांदा, हिरवी मिरची, मीठ किंवा टोमॅटोच्या चटणीबरोबर खायचा. नुकताच निवलेला भात पाण्यात घालून लगेच खाल्ला तर तो 'बोरे', आणि रात्रभर राहिला तर 'बासी'. उन्हाळ्यात कामावर जाणाऱ्या माणसाचा तो आधार आहे. २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनाला, १ मे रोजी, सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं होतं. अधिकारी आणि मंत्री मांडी घालून बासी खातानाचे फोटो तेव्हा सगळीकडे झळकले.

मी वर्गाला विचारलं, रात्रीचा भात सकाळी आंबट का लागतो?

पहिला तास केवळ बोलण्यात गेला आणि जाऊ दिला. सुरुवातीला, बासी कोण खातं, असं विचारल्यावर थोडेच हात वर झाले. बाकीची मुलं एकमेकांकडे बघत होती. घरी काय खातो हे शाळेत सांगायची लाज मुलांना फार लवकर चिकटते. मग मी त्यांना आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या शिळ्या भाताबद्दल सांगितलं, त्याला फोडणी कशी देतात ते सांगितलं, आणि हळूहळू हात वर यायला लागले. एका मुलाने सांगितलं की त्याच्या घरी हे 'पखाळ' असतं. त्याचं कुटुंब ओडिशातून आलेलं. मग आंध्रातल्या घरची मुलगी म्हणाली, आमच्याकडे 'चद्दन्नम्'. बंगाली घरातून 'पांता भात' आला. उत्तर प्रदेशातून आलेल्या घरची दोन मुलं मात्र गप्प होती, त्यांच्याकडे असं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे होती शिळी पोळी.

मी भिंतीवरचा भारताचा नकाशा खाली उतरवला आणि ज्या-त्या राज्यावर ही नावं चिठ्ठीवर लिहून चिकटवायला लावली. चिठ्ठ्या पूर्वेला आणि दक्षिणेला गोळा झाल्या. मग शेजारी पर्जन्यमानाचा नकाशा ठेवला. काही मिनिटं मी काहीच बोलले नाही. ज्या भागात पाऊस भरपूर तिथे भात, आणि जिथे भात तिथेच भिजवलेल्या भाताचा पदार्थ, हे मुलांनी स्वतः म्हटलं. पाठ्यपुस्तकात 'भारतातील प्रमुख पिके' हा मजकूर आहेच, पण तो वाचून गहू आणि तांदूळ मुलांना असे दिसले नसते. छत्तीसगढला 'धान का कटोरा' म्हणतात हे सगळ्यांना पाठ असतं. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे धानाचे वीस हजारांहून अधिक वाण जपून ठेवलेले आहेत, हे ऐकल्यावर मात्र त्यांचे डोळे विस्फारले. वीस हजार ही संख्या पाचवीत लिहायला शिकवतात, तिचा असा उपयोग मला फार आवडला.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा आणला. शाळेजवळच्या किराणा दुकानदाराने आपला इलेक्ट्रॉनिक काटा तासाभरासाठी दिला. २०० ग्रॅम तांदूळ मोजून घेतला, शाळेच्या स्वयंपाकघरात मावशींनी तो शिजवला, आणि पुन्हा काट्यावर ठेवला. भात ५५० ग्रॅमच्या आसपास भरला. हे जास्तीचे ३५० ग्रॅम कुठून आले? पाणी, असं सगळे ओरडले. पण एका मुलीने हरकत घेतली, की आमच्याकडे तर पाणी ओतून टाकतात. ती पसिया काढलेल्या भाताबद्दल बोलत होती, म्हणजे पेज काढून पसवलेल्या भाताबद्दल. कुकरमधल्या आणि पसवलेल्या भाताचं वजन वेगळं भरतं का, हा नवाच प्रश्न उभा राहिला. त्या रात्री ज्यांच्या घरी काटा होता त्यांनी मोजलं, ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी वाटीने मोजलं. सकाळी आकडे आले ते सगळे वेगवेगळे. आता सरासरी काढायची गरज पडली. मी सरासरी शिकवायला निघालेच नव्हते, ती पुढच्या महिन्यात होती. मुलांना ती त्या दिवशी हवी होती, म्हणून ती त्या दिवशी शिकवली.

विज्ञानाचा भाग सगळ्यांत जास्त रंगला, आणि तो अगदी स्वस्तात झाला. जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की जांभळट-लाल पाणी सुटतं. या पाण्यात लिंबाचे थेंब टाकले तर ते चटकन गुलाबी-लाल होतं, खाण्याचा सोडा टाकला तर हिरवट होतं. आम्ही काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत सकाळी पाणी घातलेला भात, दुसरीत आदल्या रात्री घातलेला. दोन्हींतलं पाणी गाळून जास्वंदीच्या पाण्यात घातलं. सकाळच्या पाण्याने फारसा फरक पडला नाही. रात्रीच्या पाण्याने रंग गुलाबीकडे झुकला. शेवटच्या बाकावरच्या मुलीने दोन्ही ग्लास खिडकीपाशी उजेडात नेले, लिंबाचा ग्लासही शेजारी ठेवला आणि म्हणाली, "खट्टा तो है, पर नींबू से कम." निरीक्षण, तुलना आणि नेमका शब्द, तिन्ही एका वाक्यात आले. हवेतले आणि भातावरचे सूक्ष्मजीव भातातल्या पिठूळ भागावर वाढतात, त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं, तेच दह्यात असतं, एवढं मी सांगितलं. त्याहून जास्त पाचवीला नको.

बरण्यांमधलं कुणी चाखायचं नाही, हा नियम मी आधीच केला होता. शिजवलेला भात उबदार हवेत उघडा राहिला तर त्यात अपायकारक जीवाणूही वाढू शकतात. घरी स्वच्छ पाणी आणि झाकलेलं भांडं का लागतं, हे या नियमातूनच निघालं. आणखी एक पथ्य पाळलं. बासीत अमुक पट लोह असतं, तमुक जीवनसत्त्व असतं, असे दावे मुलं घरून घेऊन आली होती. त्यांतलं आमच्या वर्गात मोजता येण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून ते दावे फळ्याच्या एका कोपऱ्यात 'अजून तपासायचं आहे' या मथळ्याखाली लिहून ठेवले. एखादी गोष्ट ऐकली आहे आणि एखादी गोष्ट पाहिली आहे, यातला फरक दहा वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतो.

हिंदीच्या तासाचं काम घरून करून आणायचं होतं. आजीला विचारून बासी करण्याची पद्धत लिहायची. डाव्या पानावर आजी सांगेल तसं छत्तीसगढीत, उजव्या पानावर शाळेच्या हिंदीत. डाव्या पानांवर 'गोंदली' आली, 'पताल' आला, 'पसिया' आला. कांदा आणि टोमॅटो या शब्दांसाठी आपल्या बोलीत स्वतःचे शब्द आहेत आणि ते शाळेच्या वहीत लिहिता येतात, याचा मुलांना केवढा आनंद! उजव्या पानावर मात्र मी कडक होते. पहले, फिर, उसके बाद, अंत में हे क्रमाचे शब्द नीट यायला हवेत, क्रियापदं जुळायला हवीत, वाचणाऱ्याला तेवढ्यावरून पदार्थ करता यायला हवा. एकमेकांच्या कृती वाचून कुठे पाणी घालायचंच राहिलं आहे, हे त्यांनी एकमेकांना दाखवलं. पत्रलेखनाच्या ठराविक धड्यातून इतकं लक्षपूर्वक वाचन माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

आणि वहीचं काय? आता मी त्याचं उत्तर देत नाही. तूच ठरव आणि का ते सांग, असं म्हणते. एकाने सरासरी पर्यावरणाच्या वहीत लिहिली, कारण ती भाताची सरासरी होती. दुसरीने गणिताच्या वहीत लिहिली, कारण रीत सगळीकडे चालते. दोघांचंही पटण्यासारखं होतं.

हे सगळं मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच मुलखात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिच्यातून झाकीर हुसेन समिती नेमली गेली, आणि नई तालीमचा आराखडा तयार झाला. पुढच्याच वर्षी हरिपुरा काँग्रेसने तो स्वीकारला. शिक्षण हस्तोद्योगाभोवती गुंफावं, एवढंच लोकांना त्यातलं आठवतं. समितीने मात्र ज्ञान जोडण्याची तीन केंद्रं मानली होती: मुलाचा निसर्ग-परिसर, त्याचा समाज आणि हाताचं काम. टकळीवर सूत काततानाच तार मोजायचे, कापसाची माती ओळखायची, कापडाचा इतिहास समजून घ्यायचा. याला समवाय म्हणत. पुढे या योजनेवर टीका झाली, उत्पादनावर फार भर दिला गेला असं म्हटलं गेलं, आणि कुठलाही धडा टकळीला ओढूनताणून बांधण्याचा धोकाही लोकांनी दाखवला. ती टीका आजच्या एकात्मीकरणालाही लागू पडते. पण सेवाग्रामच्या परिसरात आनंद निकेतन ही शाळा आजही नई तालीमच्या वाटेने चालते. शेती, स्वयंपाक आणि सूतकताई तिथे अभ्यासाचाच भाग आहेत. नव्या शिक्षकांनी निदान एकदा तरी ती पाहावी.

मराठीत या वाटेवर चाललेली माणसं कमी नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केलं. गुरं राखायला गेलेली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, हा त्यांचा निर्णय होता. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथे अनुभवातून शिकणं हेच रोजचं शिक्षण झालं. आमच्या बाजूला, मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून २००२ पर्यंत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा मोठा कार्यक्रम सरकारी शाळांत चालला. त्याच परंपरेतल्या 'एकलव्य' संस्थेने प्राथमिक वर्गांसाठी 'खुशी-खुशी' नावाची पुस्तकं केली. त्यांत भाषा, गणित आणि परिसर एकत्रच होते. फिनलंडने शाळेतले विषयच काढून टाकले, अशी बातमी काही वर्षांपूर्वी फिरत होती. ते खरं नाही. २०१६ पासून तिथे प्रत्येक शाळेने वर्षातून निदान एकदा बहुविषयक अभ्यास घ्यायचा असतो, बाकी विषय जागच्या जागी आहेत. माझ्या मते ते प्रमाण शहाणपणाचं आहे.

भाताच्या प्रश्नातून दुसरा प्रश्न आपोआप निघाला. एकाच वर्गात पखाळ, चद्दन्नम् आणि पांता भात कसे आले? म्हणजे आपली सगळ्यांची घरं इथे कशी आली? भिलाईत याचं उत्तर लोखंडात आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघात पोलाद कारखान्यासाठी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराचं लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, आणि देशभरातून आलेली माणसं. मुलांनी आजोबांना विचारून 'आमचं घर भिलाईत कधी आलं' याची एक लांबलचक काळरेषा वर्गाच्या भिंतीवर काढली. काही घरं कारखान्याआधीपासूनची, याच मातीतली होती. त्या मुलांनी रेषेच्या डाव्या टोकाला मोठ्या अक्षरांत आपली नावं लिहिली. वर्गात एरवी कमी बोलणारी हीच मुलं होती.

भिलाईच्या रुळांवरून देशभरातल्या गाड्या धावतात. कारखान्यातून २६० मीटर लांबीचे जोडरूळ बाहेर पडतात. पण २६० मीटर म्हणजे किती? पाचवीतल्या मुलाला मीटर माहीत असतो, शेकडो मीटर माहीत नसतात. एका मुलाच्या वडिलांची सायकल मागवली, चाकाच्या एका तारेला लाल फीत बांधली, चाकाचा घेर दोरीने मोजला तर दोन मीटरपेक्षा जरासा जास्त भरला. मग शाळेसमोरच्या गल्लीत सायकल ढकलत फीत किती वेळा वर आली ते मोजायचं. सव्वाशेच्या सुमाराला आम्ही थांबलो आणि मागे वळून पाहिलं. शाळेचं फाटक पार दूर राहिलं होतं. रेल्वेलाइनजवळ मुलांना नेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कुणी नेऊही नये. रूळ गल्लीतच मावला.

उन्हात हा रूळ वाढतो का, हे त्यांनीच विचारलं. बरणीचं घट्ट बसलेलं पत्र्याचं झाकण गरम पाण्याखाली धरलं की सैल होतं, हे घरी सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यावरून तापलं की धातू पसरतो, इथवर मुलं स्वतः आली. पुढचा आकडा मी सांगितला. रुळाचं तापमान ४० अंशांनी वाढलं, तर २६० मीटरचा मोकळा रूळ सुमारे १२ सेंटीमीटर लांब होईल. प्रत्यक्षात स्लीपर आणि क्लिपा त्याला जखडून ठेवतात, म्हणून तो ताण रुळातच साठतो आणि उन्हाळ्यात रेल्वेचे कर्मचारी रुळांवर जास्त लक्ष ठेवून असतात. वर्गातल्या एका मुलीचे काका हेच काम करतात. त्या दिवशी ती घरी जाऊन त्यांच्याशी काय बोलली, ते दुसऱ्या दिवशी तिने उभं राहून सांगितलं. सगळ्या वर्गाने शांतपणे ऐकलं.

आता नव्या शिक्षकांसाठी थोडं व्यवहाराचं. सगळंच जोडायला जाऊ नका. भागाकाराची रीत, जोडाक्षरं, शुद्धलेखन यांना सराव लागतो, आणि सरावासाठी वेगळा, शांत वेळ लागतो. बासीच्या आठवड्यातही मी रोज गणिताची पंधरा मिनिटं केवळ भागाकाराला दिली. ज्या मुलाला वाचताच येत नाही, त्याच्यापुढे कितीही सुंदर प्रकल्प ठेवला तरी तो बाजूला बसून राहतो, म्हणून त्याचं वाचन आधी. मला वाटतं, महिन्यातून एक जोडलेला प्रश्न पुरतो. बाकीचे दिवस विषयांना त्यांचे द्यावेत.

टाचण काढताना मी कागदावर मधोमध प्रश्न लिहिते आणि प्रत्येक विषयाखाली एकच गोष्ट लिहिते. बासीच्या टाचणात गणिताखाली 'वजनातला फरक', विज्ञानाखाली 'आंबटपणा ओळखणे', भाषेखाली 'क्रमाने कृती लिहिणे', भूगोलाखाली 'पाऊस आणि पीक' एवढंच होतं. मूल्यमापनही त्याच चार गोष्टींचं करायचं, आणि वेगवेगळं करायचं. ज्याची कृती सुंदर लिहिलेली आहे पण वजाबाकी चुकली आहे, त्याला भाषेत शाबासकी आणि गणितात पुन्हा सराव. 'प्रकल्पाला दहापैकी आठ' असा एकच ढोबळ गुण दिला की कुणाला काय येत नाही हे लपून जातं. एकात्मीकरणावर जे आक्षेप घेतले जातात, त्यातला सर्वांत रास्त आक्षेप मला हाच वाटतो, आणि तो टाळणं शिक्षकाच्या हातात आहे.

पालकांची काळजी वेगळी असते. "मॅडम, पोर्शन कब पूरा होगा?" हा प्रश्न मीही ऐकला आहे, आणि तो मला चुकीचा वाटत नाही. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या माणसाला तो विचारायचा हक्क आहे. म्हणून मी पालकसभेत पाठ्यपुस्तक उघडून दाखवलं. अन्न, पाणी, पिकं, मोजमाप, सरासरी, सूचनालेखन यातला कुठला पाठ कुठल्या दिवशी झाला, ते पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सरासरी तर महिनाभर आधीच झाली होती. पुस्तक हातात घेऊन केलेलं बोलणं पालकांना पटतं. एनसीईआरटीच्या 'आस-पास' या पुस्तकांनी प्राथमिक वर्गांत विज्ञान आणि समाज पूर्वीच एकत्र आणले होते. नवी शिक्षिका पुस्तकाबाहेर जात नाही, पुस्तकाचाच उपयोग करते, हे त्यांना दिसलं पाहिजे.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. काट्यावर भात ठेवला आणि घंटा झाली, की सगळा उत्साह ओसरतो. जास्वंदीच्या पाण्याचा रंग बदलायला, तो तीनदा पाहायला आणि त्यावर भांडायला चाळीस मिनिटं पुरत नाहीत. आमच्याकडे दोन तास लागून मिळाले, म्हणूनच हे जमलं.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. नव्या शिक्षकांकडून नव्या पद्धतीची अपेक्षा करता, तर पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आखताना प्रत्येक प्राथमिक वर्गाला आठवड्यातून एकदा, मधली सुट्टी मध्ये न येता, दोन तास सलग द्या. आणि वाचक पालकहो, तुमचं मूल संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन भाताचं पातेलं मोजायला मागेल, तेव्हा त्याला अभ्यासाला बस म्हणून परत पाठवू नका.